तिसऱ्या गिअरवर अडलेली गाडी

लाल थेंब मनगटावर पडला तेव्हा वल्लरी गाडीखाली गोणपाटावर उताणी झोपली होती.

तिला आनंदच झाला. ऑटोमॅटिक गिअर बॉक्समधलं ऑइल लाल असतं, असं गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे गळती सापडली. तिने थेंब दोन बोटांत चोळून पाहिला. ऑइल बुळबुळीत लागायला हवं होतं. हे चिकट होतं, आणि त्यात काहीतरी कचकचलं.

तिने बोटं नाकाशी नेली. केवड्याचा वास आला. त्याच्यामागून तंबाखूचा.

ते कचकचणारं सुपारीचं बारीक खांड होतं.

वल्लरी कोपरांवर सरपटत बाहेर आली, नळाकडे पळाली आणि कपडे धुवायच्या साबणाने हात घासत सुटली. कातडी लाल झाली तरी वास जाईना. शेवटी तिने तो हात अंगापासून लांब धरला आणि तशीच उभी राहिली. तिला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, फक्त कुणाचा ते अजून ठरायचं होतं.

गाडी पनवेलमधल्या एका आरोग्य ट्रस्टची होती. इंग्लंडमध्ये कित्येक वर्षं वापरून झाल्यावर तिथल्या कुठल्याशा संस्थेने बोटीत चढवून पाठवलेला जुना ट्रक. मागच्या डब्यात तपासणीचं टेबल, औषधांची कपाटं, पेशंटसाठी बाकडं. क्लच नाही. गिअर आपोआप पडायचे आणि कधी कुठला पाडायचा ते डॅशबोर्डमागची एक इलेक्ट्रिक पेटी ठरवायची. गाडी नवी आली तेव्हा स्टँडवरचे रिक्षावाले क्लच नसलेली गाडी बघायला रांग लावून आले होते.

गाडीवर डॉक्टर होती वल्लरीची माधुरीआत्या. पावसाळा संपल्यापासून आत्या वैतागलेली होती. डोंगरावरच्या वाड्यांकडे जाताना चढ लागला, की डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटायचा आणि गाडी तिसऱ्या गिअरवर अडकून बसायची. इंजिन कण्हायचं, गाडी चढायची नाही. वाडीवरचे पेशंट झाडाखाली वाट बघून उठून जायचे. आणि दुसऱ्या दिवशी आवारात तीच गाडी लोण्यासारखी चालायची.

पळस्प्याच्या गॅरेजमधल्या धर्मराज मिस्त्रीने लांबूनच वाकून पाहिलं होतं. खाली लाल थेंब दिसले. ऑइल गळतंय, गिअर बॉक्स खलास, गाडी भंगारात द्या, असा निकाल देऊन तो चहा प्यायला गेला.

गिअर बॉक्स खलास का झाला, ते तिथेच उभे असलेले ट्रस्टचे सेक्रेटरी प्रभाकरकाका यांनी सांगितलं. ड्रायव्हर जैतू दारू पिऊन गाडी चालवतो म्हणून. उद्याच्या मीटिंगमध्ये त्याला काढून टाकायचं असं जवळजवळ ठरलं होतं.

जैतू नेऱ्याच्या पुढच्या डोंगरातल्या पेंढरवाडीचा, ठाकराचा मुलगा. त्याचं लहानपण वीटभट्टीवर चिखल तुडवण्यात गेलं होतं. नोकरी गेली तर बायकोला आणि लहान पोरीला घेऊन तो पुन्हा भट्टीवरच जाणार होता. दुसरीकडे कुठे नाही.

वल्लरीने आत्याकडून एक दिवस मागून घेतला होता. ती दहावीत होती आणि तिने टेक्निकल विषय घेतला होता, वर्गात एकटी मुलगी. सहामाहीला इलेक्ट्रिकलमध्ये ती पहिली आली. तेव्हापासून घरातली इस्त्री, मिक्सर आणि शेजाऱ्यांच्या दारावरची घंटा यांपैकी काहीही तिच्या तावडीतून सुटलं नव्हतं.

सकाळपासून तिने पुस्तकाबरहुकूम काम केलं होतं. बॅटरी ठीक. अर्थिंगची पट्टी घट्ट. फ्यूज शाबूत. मग गिअर बॉक्सच्या ऑइलची दांडी ओढून पाहिली. ऑइल लालबुंद, स्वच्छ, पातळीसुद्धा बरोबर. आतले गिअर जळले असते तर ते काळं पडलं असतं आणि करपट वास मारला असता. म्हणजे गिअर बॉक्स धडधाकट होता आणि ऑइलही गळत नव्हतं. दोष विजेत होता.

आता पुन्हा गाडीखाली जाणं भाग होतं. वल्लरीने नाकावर ओढणी बांधली आणि टॉर्च घेतली.

गिअर बॉक्सच्या वरच्या अंगाला जाडजूड कनेक्टर होता. पेटीकडून आलेल्या सगळ्या वायरी तिथे जोडलेल्या. त्याचं वरचं झाकण केव्हाच तुटलेलं होतं. बरोबर त्याच्या डोक्यावर केबिनच्या तळाच्या पत्र्याला भोक होतं, आणि भोकात काळं रबरी बूच. बुचाच्या कडेने लाल ओघळ उतरले होते, बुचाखाली साचलेलं अजून ठिबकत होतं. कनेक्टरवर तपकिरी थर साचला होता, कुठे वाळून पापुद्रा झालेला, कुठे ओला. तिने श्वास रोखून कनेक्टर सोडवला. आतल्या पिनांवर हिरवा-पांढरा बुरा चढला होता.

ती सगळं नीट बघूनच बाहेर आली.

आत्याला तिने एका दमात सांगितलं. कुणीतरी केबिनमध्ये बसून, बूच काढून, त्या भोकातून गुटखा थुंकत होतं. रोजच्या सवयीने. थुंकी ओली असली की पिनांमध्ये भलतीकडे करंट जायचा, पेटीला चुकीचे निरोप पोचायचे, आणि गिअर बॉक्स वाचवायला पेटी गाडीला तिसऱ्यातच धरून ठेवायची. रात्रीत पिना वाळल्या की गाडी शहाणी.

आत्याने डोळे मिटून घेतले. "मी त्या गाडीत डबा खाते गं," ती म्हणाली. मग, "हे मीटिंगमध्ये सांगितलंस तर सगळे कुणाचं नाव घेतील?"

वल्लरीचा चेहरा उतरला. केबिनमध्ये रोज बसणारा माणूस एकच होता.

"म्हणजे मी जैतूदादाला वाचवायला गेले आणि..."

"म्हणूनच आत्ता गप्प बस. आधी माणूस शोध."

पहिला संशय कंपाउंडर हरेशवर. तो तंबाखू खातो हे सगळ्या पनवेलला ठाऊक होतं.

"हरेशदादा, गाडीत तू कुठे बसतोस?"

"मागे, खोक्यावर. पुढे बसायला आपण काय साहेब आहोत?"

"पुढे कधीच नाही?"

"प्रभाकरकाका असले की डॉक्टरबाईसुद्धा मागे येतात. माझा नंबर कधी लागणार?"

"आणि थुंकतोस कुठे?"

"रस्त्यावर. मागचं दार उघडंच असतं." हरेशने तळहातावर तंबाखू-चुना मळायला घेतला. "का, तुझ्या सायकलवर पडलं का कधी?"

आणि नमुना दाखवावा तसा तो गटारात थुंकला. पिवळट, कडवट वासाचं, ना केवडा ना सुपारी. वल्लरीला माहिती मिळाली आणि तिची दुपारच्या जेवणावरची वासना उडाली.

जैतू शेडच्या पायरीवर बसला होता. हातात किल्ली होती, ती तो उगीच फिरवत होता. वल्लरीने त्याला सरळच विचारलं, की तो काय खातो-पितो.

"कायच नाय, ताई. तंबाकू व्हती, ती सोडली. काकांनी वाडीवर देवाम्होरं शपथ घातली आमाला. माज्या बायकोनं मिसरी टाकली, मी तंबाकू. दारू तर आमच्या घरात बापानं प्याली तेवडी बास."

"गाडी कधी अडते?"

"वाडीला जाताना. गव्हाणला, कोनला कदी नाय अडत."

"चढामुळे असेल."

जैतूने मान हलवली. मागच्या महिन्यात वाडीवर एका पोराला साप चावला होता. तेव्हा तो डॉक्टरबाईंना घेऊन तोच चढ चढला होता. गाडी कुठेही कुरकुरली नव्हती.

"तेव्हा पुढे तुमच्या शेजारी कोण होतं?"

"डाक्टरबाईच. येरवी वाडीला काका असतात, गव्हाणला-कोनला नाय येत. पन ते बोलत नाय हां. परवासात मौन असतं त्यांचं, आमी पन मग गप." त्याच्या आवाजात आदर होता. "बिचाऱ्यांना घाटात चक्कर येते. डोकं गुडघ्यात घालून बसतात."

वल्लरीने हात ओढणीला पुसला. तिच्या हाताला पुन्हा तो चिकटपणा जाणवायला लागला होता.

प्रभाकरकाका ऑफिसात होते. पांढरा शुभ्र झब्बा, पांढरा लेंगा. डोक्यामागच्या भिंतीवर व्यसनमुक्तीचं पोस्टर, त्यावर एक कवटी विडी ओढत होती. काका बडीशेप चघळत होते. त्यांनी डबी वल्लरीपुढे केली. तिने नको म्हटलं.

"काका, गाडी अडते ते तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"प्रत्येक वेळी. शेजारीच बसलेला असतो मी, बाळ. ऐकीव बोलायची मला सवय नाही."

"तुम्ही नसताना कधी अडली?"

"माझ्या तरी कानावर नाही."

"जैतूदादाच्या तोंडाला वास यायचा?"

"भयंकर."

"मग तुम्ही त्याला तिथेच का नाही थांबवलं?"

काका हसले. "प्रवासात माझं मौन असतं. मन ताब्यात ठेवायचं तर आधी जीभ ताब्यात ठेवावी लागते. तुमच्या शाळेत हे शिकवत नाहीत."

बोलताना त्यांनी डबीचं झाकण लावलं. बाकी सगळा माणूस धुतल्या तांदळासारखा, पण उजव्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ होती. जुनं रबर नखाने उचकटलं की राहते तशी.

वल्लरीने ती पाहिली आणि नजर दुसरीकडे वळवली. तिला समोर ओकारी आली असती तर सगळंच फसलं असतं.

जाता जाता ती सहज म्हणाली, की एक वायर सैल निघाली, बसवली, गाडी आता चालेल बहुतेक.

संध्याकाळी तिने पिना पेट्रोलने, जुन्या टूथब्रशने घासल्या, वाळवल्या आणि कनेक्टरवर प्लॅस्टिक बांधलं. मग नळ गळला की प्लंबर लावतात ती दोन रंगांची लांबी मळली आणि ते रबरी बूच खालून पत्र्याला पक्कं चिकटवून टाकलं. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. आत्याने फोन करून अध्यक्ष सुमतीबाईंना विनंती केली. मीटिंगआधी एकदा गाडी डोंगरावर नेऊन बघू, मग काय तो निर्णय घ्या. सुमतीबाई सकाळी स्वतः यायला तयार झाल्या.

प्रभाकरकाकांनीही होकार दिला. नेहमीप्रमाणे पुढे बसतो म्हणाले, म्हणजे ड्रायव्हरचं वागणं प्रत्यक्ष दिसेल.

सकाळी गाडी निघाली. पुढे जैतू आणि काका. मागे सुमतीबाई, आत्या, हरेश आणि वल्लरी. केबिन आणि डबा यांच्यामध्ये एक लहानशी काच होती. वल्लरी त्या काचेला नाक लावून उभी राहिली.

नेरं मागे पडलं. रस्त्याच्या कडेने बायका मोळ्या घेऊन उतरत होत्या. काकांना ओळखून त्या हात जोडायच्या, काका खिडकीतून मान लववायचे, तोंड मिटलेलं. एक गाल किंचित वर.

चढ सुरू झाला तसे काका वाकले.

वल्लरी बघत राहिली. पांढरे खांदे हलले. काहीतरी ओढत असल्यासारखे, पुन्हा, अजून जोराने. काका वर आले, खिडकीकडे पाहिलं. बाहेर मोळीवाल्या. पुन्हा वाकले. पुन्हा खांदे हलले. मग ते ताठ बसले आणि तसेच राहिले, मान आखडल्यासारखी.

गाडी दुसऱ्यात आली. मग पहिल्यात. पिवळा दिवा पेटला नाही. इंजिन एकदाही कण्हलं नाही, आणि पेंढरवाडीची पहिली घरं दिसायला लागली.

वाडीवरची माणसं चिंचेखाली जमलेली होती. जैतूची आजी चिंगीबाय काकांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. गाडीतून उतरलं की काका आधी हापशावर जाऊन चूळ भरतात, मगच बोलतात, हे तिला पाठ होतं. काका तांब्याकडे जवळजवळ धावलेच. वल्लरी मध्ये उभी राहिली.

"सुमतीबाई, काकांना आधी विचारा ना, जैतूदादाने गाडी कशी चालवली."

"बरोबर आहे," सुमतीबाई म्हणाल्या. "सांगा प्रभाकरराव. प्यायलेला होता का आज?"

काकांनी मान हलवली. हापशाकडे बोट दाखवलं.

"प्रवास संपला की. मौन सोडा आता."

काकांनी घशातून हुंकार दिला. दोन्ही गाल फुगलेले होते. डोळ्यांत पाणी तरळत होतं. सगळी वाडी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

ओठांच्या कोपऱ्यातून लाल रेघ निघाली. ती हनुवटीवरून झब्ब्यावर उतरली. काकांनी हात लावून थोपवायला पाहिलं आणि मग त्यांना ठसका लागला. चिंचेखालच्या सारवलेल्या जागेवर, बायकापोरांच्या पायांशी, सगळं बाहेर पडलं.

केवड्याचा वास पसरला.

"एवढं तर मीसुद्धा साठवत नाही," हरेश हळूच म्हणाला.

वल्लरी डागाला वळसा घालून पुढे आली.

"गाडीत बिघाड नव्हता," ती म्हणाली. "गिअरच्या वायरी जिथे जोडल्यात त्याच्यावर काका बूच काढून थुंकत होते. ओलं असलं की गाडी अडायची, वाळलं की चालायची. म्हणूनच ती फक्त काका असतानाच अडायची. ते स्वतःच म्हणाले, प्रत्येक वेळी मी शेजारी होतो. साप चावलेल्या पोराच्या वेळी ते नव्हते, तेव्हा हाच चढ गाडी सरळ चढली."

सुमतीबाईंनी नाकाला पदर लावला. "पण दुसरं कुणी असू शकत नाही कशावरून?"

"आपल्याकडे थुंकणारा माणूस लपून थुंकतो का? हरेशदादा मागच्या दारातून थुंकतो, राजरोस. जैतूदादा खात असता तर त्याच्या बाजूला खिडकी होती. खिडकी असताना गाडीच्या तळातलं भोक कुणाला लागेल? ज्याला रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाने तोंड रंगलेलं पाहता कामा नये, त्यालाच. मौन म्हणे. तोंड भरलेलं असायचं, म्हणून मौन. चक्कर म्हणे. थुंकायला वाकायचे. नखात अजून बुचाचं रबर आहे त्यांच्या. आज मी ते बूच खालून चिकटवलं होतं. जागा मिळाली नाही, म्हणून सगळं वाडीपर्यंत तोंडातच आलं."

काकांनी रुमालाने तोंड पुसलं. आवाज परत आला तेव्हा तो ऑफिसातलाच होता.

"एक सवय आहे, मान्य. पण त्याने गाडी बिघडते हे मला काय ठाऊक? मी काय मेकॅनिक आहे?"

"धर्मराज मिस्त्रीने खाली लाल थेंब दाखवले तेव्हा तुम्ही तिथे होतात," वल्लरी म्हणाली. "सगळ्यांना ते ऑइल वाटलं. ते ऑइल नाही, हे एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. त्याच दिवशी तुम्ही जैतूदादाच्या दारूची गोष्ट काढलीत. त्याच्या तोंडाला वास यायचा म्हणालात. वास कुणाच्या तोंडाला होता, काका?"

काका तिच्याकडे न बघता सुमतीबाईंकडे वळले. "ताई, विचार करा. माझं नाव गेलं तर व्यसनमुक्तीचं सगळं काम बसेल. हा काय, हाताने काम करणारा माणूस आहे. याला कुठेही काम मिळालं असतं."

वल्लरीला वाटलं होतं की माणूस सापडला की छान वाटेल. छान काही वाटलं नाही. काल मनगटावर पडलेला थेंब यापेक्षा स्वच्छ होता, असंच तिच्या मनात आलं.

चिंगीबायने हातातला तांब्या जमिनीवरच्या लाल डागावर ओतला. पायाने माती सरकवली.

"मिसरी सोडली तवा माजं डोकं फुटत व्हतं," ती काकांना म्हणाली. "तू माज्या म्होरं उबा राहून सांगत व्हतास, आजी, मन घट्ट कर." मग ती घरात निघून गेली.

सुमतीबाईंनी तिथेच सांगितलं, की जैतू गाडीवर राहील, मीटिंगमध्ये त्याची माफी मागितली जाईल, आणि सेक्रेटरीचा राजीनामा संध्याकाळच्या आत त्यांच्या टेबलावर हवा. जैतूने ऐकून घेतलं. त्याला हसू आलं नाही. त्याने पाण्याची बादली भरली आणि केबिनमधली रबरी चटई काढून उन्हात टाकली.

मग आत्याने पेशंट तपासायला घेतले. दुपारपर्यंत रांग संपली नाही. काका चिंचेपासून लांब, धोंड्यावर पाठमोरे बसून होते. त्यांच्याकडे कुणी पाणी नेलं नाही.

परत निघायची वेळ झाली. तापाने फणफणलेल्या एका बाईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिला मागच्या टेबलावर झोपवलं. हरेश औषधं घेऊन चढला. काका उठले, झब्बा झटकला आणि काहीच झालं नाही अशा चालीने केबिनच्या डाव्या दाराशी आले. त्यांनी हँडलवर हात ठेवला.

जैतू आतून वाकला आणि दाराची कडी लावून घेतली.

"गाडीत जागा नाय, काका."

त्याच्या शेजारची सीट धुतलेली, रिकामी, सगळ्यांना दिसत होती. जैतूने वल्लरीकडे पाहिलं. पुढं बसनार का, ताई, असं त्याने विचारलं.

वल्लरीने सीटकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे.

"मी मागे उभी राहते," ती म्हणाली. "त्या सीटवर मी मेले तरी बसणार नाही."

गाडी सुरू झाली, आणि रिकामी सीट घेऊन उताराला लागली. मागच्या दारातून वल्लरीला वाडीचा रस्ता दिसत होता. त्यावरून एक पांढरा झब्बा, पुढे लाल डाग पडलेला, एकटाच पायी उतरत होता. वाटेवरच्या मोळीवाल्या बाजूला होत होत्या. कुणीही हात जोडत नव्हतं.